खिशातल्या खेळाची बखर

१

इतिहासाच्या विद्यार्थ्याने खेळण्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना थोडे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. दिवाळी अंकात ऐतिहासिक लेख म्हटला की गडकोट, मोहिमा, पेशवाईतली कारस्थाने, फार झाले तर एखादा अप्रकाशित कागद, एवढीच अपेक्षा असते. परंतु मोहेंजोदडोच्या मातीतून मुद्रांच्या बरोबरीने फासे आणि मातीच्या चिमुकल्या गाड्याही निघाल्या. मुद्रांवरची लिपी आजतागायत निर्विवादपणे वाचता आलेली नाही. फासा मात्र पाहताक्षणी ओळखू येतो. मनुष्य कशाची पूजा करीत होता याविषयी पंडितांत वाद असतील, तो कशाने मन रमवीत होता हे पुष्कळ वेळा अधिक स्पष्ट असते.

यंदा मी जी वस्तू आपल्यापुढे ठेवणार आहे ती तळहातावर मावते. मधोमध किंवा वरच्या अर्ध्या भागात पडदा, डाव्या अंगठ्याखाली अधिकचिन्हासारखे बटण, उजव्या अंगठ्याखाली दोन-चार वाटोळी बटणे. दुकानदार तिला ‘रेट्रो हँडहेल्ड कन्सोल’ म्हणतात. मी आपले साधे ‘खेळयंत्र’ म्हणेन. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम तिच्यावर खेळता येतात. असली यंत्रे आज नव्याने तयार होतात, आणि ती घेणारी माणसे मुले नसतात. बहुतेक चाळिशी गाठलेली असतात.

माझ्याकडे ही वस्तू आली ती भाऊबीजेच्या निमित्ताने. माझी धाकटी बहीण साताऱ्यास असते. गेल्या वर्षी श्रावणात तिचा फोन आला. “दादा, यंदा ओवाळणीत साडी नको नि पाकीटही नको. आपण लहानपणी वाड्यात विटांची गेम खेळायचो ना, तसली कुठे मिळते का बघ.” मी हसलो, तेव्हा तिने कारण सांगितले. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्रीचे जागरण तिच्याकडे. पुस्तक वाचावे तर दिवा लागतो आणि म्हातारीची झोप मोडते. “फोन हातात घेतला की त्यातून शंभर माणसे बोलायला लागतात रे. मला कोणी न बोलणारे काहीतरी हवे आहे.”

हे वाक्य माझ्या मनात राहिले. खरेदीला निघण्यापूर्वी त्या वस्तूचे कुळ-मूळ शोधावे, ही आमच्या पेशाची खोड. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडतो.

२

या खेळयंत्राचा वंशवृक्ष वरवर चढत गेलो तर तो एका पत्त्यांच्या कारखान्यापाशी पोचतो, आणि त्याचे एक दूरचे मूळ आपल्या कोकणपट्टीच्या किनाऱ्याला लागते.

१५४३ साली पोर्तुगीज लोक प्रथम जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्या पूर्वेकडील साऱ्या राज्याची राजधानी गोवा. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर जपानला गेला तो गोव्याहूनच निघून. या दर्यावर्दी लोकांनी जपानला बंदुका दिल्या, धर्मोपदेशक दिले, आणि खलाशांच्या खिशातून पत्तेही दिले. जपानी भाषेत पत्त्याला ‘कारुता’ म्हणतात. तो पोर्तुगीजांचा ‘कार्ता’ होय. तेथे पावाला ‘पान’ म्हणतात, आणि आपण ‘पाव’ म्हणतो, ते दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे अपत्य. एकाच गलबतातून उतरलेले दोन शब्द, एक मांडवीच्या काठी राहिला आणि दुसरा क्युशूच्या किनाऱ्यावर.

पुढे जपानने परकीयांना दारे बंद केली आणि परदेशी पत्त्यांवरही बंदी आली. जुगारी माणसे असल्या बंदीने थांबत नसतात. नवे पत्ते निघाले. त्यांवर बंदी आली की आणखी निराळे निघाले. या लपंडावातून जे पत्ते अखेर टिकले ते ‘हानाफुदा’, म्हणजे फुलांचे पत्ते. पाने अठ्ठेचाळीस, वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक फूल वा झाड, आणि प्रत्येकाची चार पाने. आकडा एकही नाही. वाचकांना येथे सावंतवाडीच्या गंजिफाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तीही पाने हाताने रंगवलेली, आकाराने वाटोळी. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, मिळून एकशे वीस. जपान्यांनी पत्त्यात ऋतू घातले, आम्ही अवतार घातले.

मेइजी राजवटीत बंधने सैल झाल्यावर १८८९ साली क्योटो येथे फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने हानाफुदा तयार करण्याचा कारखाना काढला. तीच निन्टेंडो. आज जगभर मुले ज्या नावाने वेडी होतात ते नाव आधी सत्तर-ऐंशी वर्षे पत्त्यांच्या पेटीवर होते. सावंतवाडीची गंजिफा मात्र राजवाड्याच्या आश्रयाने कशीबशी जगली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजघराण्याने तिला पुन्हा उभारी दिली. दोन्हीकडे हात सारखेच कुशल होते. परंतु क्योटोच्या कारखान्यात एक असा नोकर आला की ज्याने पत्त्यांचे पुढे काय करावे याचा विचार केला.

३

त्याचे नाव गुनपेई योकोई. जन्म १९४१, गाव क्योटो. दोशिशा विद्यापीठातून विद्युत्शास्त्राची पदवी घेऊन तो १९६५ साली निन्टेंडोत लागला, तो पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करावयास. काम थोडे, वेळ पुष्कळ. त्या फावल्या वेळात त्याने लाकडी पट्ट्या कात्रीप्रमाणे जोडून लांब पसरणारा एक हात तयार केला. मुठी जवळ आणल्या की हात पुढे धावतो आणि चिमट्याने वस्तू पकडतो. कारखान्याचे मालक हिरोशी यामाउची फेरीवर आले असता त्यांच्या दृष्टीस हे पडले. कामावर खेळत बसल्याबद्दल खरडपट्टी निघेल असे योकोईला वाटले असणार. त्याऐवजी हे विकण्याजोगे कर, असा हुकूम मिळाला. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते खेळणे बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभालीचा मनुष्य खेळणी तयार करणारा झाला.

योकोईची एक विचारसरणी होती आणि तिचे जपानी नाव त्याच्या देशात म्हणीसारखे झाले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार’ असा होईल. आपल्याकडे याला अधिक चांगला शब्द आहे: मुरलेले. लोणचे मुरते, खाणारा त्याला दोष देत नाही. एखादे तंत्र नवे असते तेव्हा महाग असते, बिघडते, आणि त्याच्या खोडी कोणाला ठाऊक नसतात. तेच जुने झाले की स्वस्त होते आणि त्याची नस कारागिरांना सापडलेली असते. अशा मुरलेल्या तंत्राला त्याच्या नेहमीच्या कामावरून उचलून निराळ्याच कामाला लावावे, हा योकोईचा मार्ग.

त्याला संधी दिली ती हिशेबाच्या यंत्रांनी. १९७० च्या दशकात जपानात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांत कॅलक्युलेटरच्या किमतींवरून असे काही युद्ध जुंपले की टेबल अडवणारे ते महागडे यंत्र दहा वर्षांत खिशात गेले. त्यातले द्रव-स्फटिकाचे पडदे, म्हणजे आपण ज्यांना एलसीडी म्हणतो ते, ढिगाने तयार होऊ लागले. योकोई सांगत असे की एकदा शिन्कान्सेन आगगाडीत त्याने एक कंटाळलेला नोकरदार पाहिला. तो उगाच कॅलक्युलेटरची बटणे दाबीत वेळ घालवीत होता. योकोईने जाणले की मोठ्या माणसालाही खेळावेसे वाटते, परंतु चारचौघांत लाज वाटते. तेव्हा खेळ असा हवा की दोन्ही हातांच्या ओंजळीत लपावा.

१९८० च्या एप्रिलात ‘गेम अँड वॉच’ मालिकेतले पहिले यंत्र आले. नाव ‘बॉल’. एक मनुष्य चेंडू झेलतो, इतकाच खेळ. आणि खेळ नसेल तेव्हा घड्याळ. पडद्यावरची चित्रे कॅलक्युलेटरच्या आकड्यांप्रमाणे आधीच कोरून ठेवलेली. एक उजळते, दुसरे विझते आणि चेंडू हलल्याचा भास होतो. आपल्या चित्रकथीच्या पोथीत एक पान मिटून दुसरे उघडावे, तसे. ही मालिका ४ कोटी ३४ लाख खपली. १९८२ साली तिच्यातल्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी योकोईने चार दिशांसाठी एकच अधिकचिन्हाचे बटण बसवले. आज कोणतेही खेळयंत्र हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली ते सापडते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की अंगठ्याखालचा खेळ हा एकट्या जपानचा शोध नव्हे. अमेरिकेत मॅटेल कंपनीने लाल ठिपक्यांचे हातातले खेळ १९७० च्या दशकातच काढले होते आणि १९७९ साली मिल्टन ब्रॅडलीच्या ‘मायक्रोव्हिजन’मध्ये खेळाची वडी बदलण्याचीही सोय होती. परंतु त्याच्या पडद्यावर उभे-आडवे सोळा-सोळाच ठिपके. कल्पना वेळेपूर्वी जन्मली की तिचे असे होते.

४

१९८९ साल हे या बखरीतले पानिपत म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की येथे साध्या शिबंदीने भारी तोफखान्याचा पराभव केला.

त्या वर्षी २१ एप्रिलला जपानात ‘गेम बॉय’ आला. पडदा आडवा १६० ठिपक्यांचा, उभा १४४. रंग नाहीत, शेवाळी हिरव्या पाटीवर चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे रात्री खेळावयाचे तर खिडकीशी किंवा कंदिलाशी बसावे लागे. स्मरणशक्ती आठ किलोबाइट. अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर. त्याच वर्षी अटारी कंपनीने ‘लिंक्स’ काढला: रंगीत पडदा, मागे दिवा, यंत्र कितीतरी अधिक सामर्थ्यवान, किंमत सुमारे १८० डॉलर. पुढल्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला, तोही रंगीत. गेम बॉय घडत असताना, प्रतिस्पर्ध्यांचे यंत्र रंगीत आहे असे कळल्यावर योकोईने ‘मग आपल्याला चिंता नाही’ असे म्हटल्याची आठवण सांगतात.

त्याचा हिशेब आपल्या घरातल्या गृहिणीला लगेच पटेल असा होता. गेम बॉयला पेन्सिल सेल चार लागत आणि ते सुमारे पंधरा तास चालत. लिंक्सला आणि गेम गिअरला सहा-सहा लागत आणि चार-पाच तासांत त्यांचा निकाल लागे. म्हणजे साठ तास खेळावयाचे तर एकाला सोळा सेल, दुसऱ्याला सत्तर ते नव्वद. यंत्र एकदा विकत घ्यावे लागते, सेल दर आठवड्याला. खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर नसते, ती घरी आल्यावर कळते. गेम बॉय आणि १९९८ चा त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख खपले. लिंक्सचे नाव आज छांदिष्टांनाच ठाऊक आहे.

मात्र एकट्या सेलांनी ही लढाई जिंकली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसरे शस्त्र मॉस्कोहून आले. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजित्नोव नावाचा संशोधक होता. १९८४-८५ च्या सुमारास त्याने ‘एलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्रावर एक कोडे रचले. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून त्याने कंसांच्या जोड्या जुळवून चौकोन केले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून खाली बसवावयाचे. ओळ भरली की नाहीशी होते. चारसाठी ग्रीक शब्द ‘टेट्रा’ आणि त्याचा आवडता खेळ टेनिस, यांतून नाव झाले ‘टेट्रिस’. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो खेळ पूर्व युरोपातून पश्चिमेस गेला. मग त्याच्या हक्कांवरून लंडन, टोकियो आणि अमेरिका यांत जो गुंता झाला तो एखाद्या वतनाच्या तंट्याला शोभेल. अखेर १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स हा व्यापारी मॉस्कोस जाऊन तेथल्या ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेकडून हातातल्या यंत्राचे हक्क घेऊन आला. अमेरिकेत गेम बॉयबरोबर मारिओ द्यावा असा विचार चालला असता, मुलग्यांनाच विकावयाचे असेल तर मारिओ द्या, सर्वांना विकावयाचे असेल तर टेट्रिस द्या, असे रॉजर्सने पटवले. तो सल्ला किती अचूक होता हे पुढे आजी-आजोबांनी सिद्ध केले. १९९३ साली अलेक्सान्द्र सेरेब्रोव हा रशियन अंतराळवीर आपला गेम बॉय आणि टेट्रिसची वडी घेऊन मीर स्थानकावर गेला.

ज्याने खेळ रचला त्या पाजित्नोवला मात्र बरीच वर्षे काही मिळाले नाही; हक्क सरकारचे होते. ते त्याच्याकडे आले १९९६ साली. त्याच साली सातोशी ताजिरी या तरुणाचा ‘पोकेमॉन’ जपानात निघाला. लहानपणी किडे गोळा करणाऱ्या या मुलाला, दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून, तिच्यावरून एक किडा सरपटत पलीकडे जातो आहे असे वाटले. त्यातून तो खेळ सुचला.

५

या साऱ्या काळात आपल्याकडे काय होते? खरा गेम बॉय मराठी मध्यमवर्गीय घरात क्वचितच दिसला. दुबईहून वा अमेरिकेहून येणाऱ्या काकाच्या बॅगेत एखादा आला तर आला. आपल्याकडे आली ती ‘ब्रिक गेम’. १९९० नंतरच्या दशकात मनीष मार्केटपासून तालुक्याच्या जत्रेपर्यंत ती सर्वत्र पसरली. लांबट आकार, पडद्यावर आडवे दहा आणि उभे वीस चौकोन, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘९९९९ इन १’. वास्तविक आत खेळ मोजकेच; वेग आणि पायऱ्या यांची सारी मिश्रणे निरनिराळी मोजून तो आकडा फुगवलेला. विक्रेत्याची ही अतिशयोक्ती आमच्या वाड्यातल्या मुलांनी शब्दशः खरी मानली होती आणि सर्व खेळ संपवण्याचे बेत आखले होते.

त्या यंत्रातला मुख्य खेळ म्हणजे पाजित्नोवचेच कोडे, परंतु त्याचे नाव कोठेही नव्हते. आम्ही त्याला ‘विटांची गेम’ म्हणत असू. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकच होती, शेजारच्या मुलाची. जिन्याच्या पायरीवर रांग लागे आणि ‘एक डाव, मग दुसऱ्याचा नंबर’ असा कायदा होता. माझ्या बहिणीचे वय तेव्हा दहा-बारा. ती सर्वांत जास्त वेळ टिके, म्हणून तिच्या मागचा नंबर कोणाला नको असे.

हे सारे मनात घेऊन मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. बाजारात तीन मार्ग आहेत, आणि ज्यांना ही वस्तू घ्यावयाची असेल त्यांच्या सोयीसाठी ते थोडक्यात सांगतो.

पहिला मार्ग, जुना अस्सल गेम बॉय. तो शोधूनच मिळतो. घेताना पडद्यावर उभ्या रेघा गेलेल्या आहेत का ते पाहावे. आतली पट्टी सैल झाली की ओळी नाहीशा होतात, त्या डागणीने परत आणता येतात, परंतु हात बसलेला हवा. खेळाच्या काही वड्यांत बटणाएवढा सेल असतो, तो संपला की साठवलेला खेळ पुसला जातो. सेलकप्प्याला गंज नसावा. दुसरा मार्ग, जुन्या वड्या चालवणारे नवे उंची यंत्र. उदाहरणार्थ २०२१ साली अमेरिकेत निघालेले ‘ॲनालॉग पॉकेट’. त्याचा पडदा १६०० गुणिले १४४०, म्हणजे गेम बॉयच्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी नेमके दहा बाय दहा. त्याच्या आत जुन्या चिपेची जुळणीच पुन्हा मांडलेली असते. किंमत आपल्या खिशाला जड. तिसरा मार्ग, चिनी बनावटीची स्वस्त यंत्रे. ही मुळात छोटे संगणक असतात, आणि त्यांतली आज्ञावली जुन्या यंत्राची हुबेहूब बतावणी करते. गावात बहुरूपी येतो, फौजदाराचे सोंग घेतो, आणि खऱ्या फौजदाराच्या भाषेत दम भरतो, तसेच. जुना खेळ जे विचारील त्याला ही आज्ञावली जुन्या चिपेच्या भाषेत उत्तर देते. खेळाला फरक कळत नाही.

मी तिसरा मार्ग घेतला. पडदा ६४० गुणिले ४८० असलेला पाहून घेतला, कारण त्यात गेम बॉयचे चित्र बरोबर तिप्पट, ४८० गुणिले ४३२, बसते. अपूर्णांकाने ताणले की ठिपके लहान-मोठे होतात आणि डोळ्यांना खुपते. अधिकचिन्हाचे बटण तिरके दाबून पाहिले. आवाज पूर्ण बंद होतो ना आणि प्रकाश अगदी मंद होतो ना, हे दोनदा तपासले. माझ्या गिऱ्हाइकाची ती मुख्य अट होती.

दुकानदार म्हणाला, “काका, कार्ड आतच आहे. दहा हजार गेम भरून देतो.” पुन्हा तोच फुगवलेला आकडा, तीस वर्षांत एक शून्यही वाढलेले नाही म्हणा! मी विचारले, हे खेळ कोणाच्या परवानगीने भरले आहेत? तो हसला आणि चहा मागवला.

६

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या कार्डावरच्या बहुतेक खेळांना मालक आहेत आणि त्यांच्या अनुमतीवाचून प्रती विकणे ही सरळ चोरी होय. याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पाजित्नोवचे नाव नसलेल्या लक्षावधी ब्रिक गेमांनी एका माणसावर केलेला अन्याय मी वर सांगितलाच आहे.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजू इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करते. २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकत मिळत नाहीत, असे तीत दिसून आले. म्हणजे प्रामाणिक मनुष्याने पैसे हातात घेऊन उभे राहावे, तर दुकानच नाही. ग्रंथालयांनी असे बंद पडलेले खेळ अभ्यासकांना दूर बसून पाहू द्यावेत, अशी मागणी झाली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली ती फेटाळली.

येथे मला राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची दप्तरे उघडीत होते तेव्हा त्यांनाही दोन शत्रू भेटत. एक वाळवी; आणि दुसरा, ‘आमचे कागद आम्ही कोणाला दाखवणार नाही’ म्हणणारा मालक. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस झाले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मालकी मालकाचीच राहिली, परंतु नक्कल झाली म्हणून मजकूर वाचला. पुष्कळ बखरी आज मूळ प्रतीत उपलब्ध नाहीत, नकलेत आहेत. नक्कल करणारा कारकून चोर होता काय? त्याने ती प्रत बाजारात विकली असती तर कदाचित म्हणालो असतो. त्याने ती जपली.

म्हणून मी असा निवाडा केला. दुकानदाराचे कार्ड काढून त्याला परत दिले. नाही तरी असली हलकी कार्डे लवकर दगा देतात असे जाणकार सांगतात. कोरे चांगले कार्ड घेतले. गेम बॉयसाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. २०१९ साली ‘जीबी स्टुडिओ’ नावाची मोफत आज्ञावली निघाल्यापासून तर शाळकरी मुलेही लिहू शकतात. त्यांतले कर्ते स्वखुशीने देतात ते, आणि माफक किंमत देऊन मिळतात ते, असे डझनभर खेळ मी घातले. ठोकळे रचण्याची दोन-तीन निरनिराळी कोडी त्यांत होती. दहा हजारांपुढे बारा, हे ऐकून दुकानदाराने मला वेड्यात काढले असावे.

भाऊबीजेनंतर महिन्याने बहिणीचे पत्रवजा निवेदन फोनवर आले. रात्री दोनच्या सुमारास ती खेळत होती. सासूबाईंना जाग आली. त्यांनी विचारले, “काय गं रचतेस?” ती म्हणाली, “विटा.” म्हातारीने मान वळवली आणि त्या मंद उजेडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ती लांबडी डावीकडे घाल.” पुढे तीन आठवडे, त्या होत्या तोवर, डावीकडे-उजवीकडे सांगण्याचे काम त्यांच्याकडे होते. एरवी त्या दिवसांत त्या फारसे बोलत नसत.

७

योकोईची हकीकत मात्र येथवर आणून सोडता येत नाही. १९९५ साली त्याचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र निघाले. डोळ्यांना लावून पाहावयाचे, खोलीचा आभास देणारे, सारे चित्र लाल रंगात. ते साफ पडले आणि वर्षभरात बंद झाले. खिशातले यंत्र ज्याने घरोघर नेले त्याच्याच हातून असे यंत्र झाले की जे खिशात मावत नव्हते, आणि ज्यात डोके घातले की शेजारी बसलेला मनुष्य दिसेनासा होई. १९९६ साली त्याने निन्टेंडो सोडली आणि ‘कोतो’ नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी मोटारींच्या अपघातात त्याचा अंत झाला. वय ५६.

मरण्यापूर्वी तो बांदाई कंपनीसाठी एका नव्या हातातल्या यंत्रावर काम करीत होता. ते ‘वंडरस्वान’ या नावाने १९९९ च्या मार्चमध्ये जपानात निघाले. पुन्हा रंग नाहीत. पुन्हा जुने, मुरलेले तंत्र. उभे धरा, आडवे धरा, दोन्ही तऱ्हांनी खेळता येईल अशी बटणे. त्याबरोबर निघालेल्या एका कोड्याला त्याच्या स्मरणार्थ ‘गुनपेई’ हे नाव दिले होते. गेम बॉयला चार सेल लागत, प्रतिस्पर्ध्यांना सहा. या अखेरच्या यंत्राला योकोईने सेल ठेवला एक, आणि तो तीस तासांच्या वर चाले.